तण राखणारी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी अप्पांच्या डोळ्यावरचं झाकण काढलं, आत उजेड मारून बघितला आणि विचारायचं म्हणून विचारलं, "आजोबा, सोबत कोण आलंय?"

"मुलगी."

"काय करते?"

"तण राखते," अप्पा म्हणाले.

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गमत्या आहे. मागे स्टुलावर औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या मुलीला, फूटपट्टीला, मात्र पक्कं ठाऊक होतं की यात गंमत नाही. गेली बारा वर्षं अप्पा हेच सांगत आले होते. शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. मुलगा काय करतो? फरशांचं दुकान आहे. मुलगी? तण राखते.

"आता समोरचा तक्ता वाचा बघू."

अप्पांनी धडाधड वाचला. सगळ्यात खालची बारीक ओळही सोडली नाही. मग म्हणाले, "तक्ता तिरका लागलाय तुमचा."

डॉक्टरांनी मागे वळून बघितलं. तक्ता खरंच तिरका होता, अर्ध्या बोटाने. फूटपट्टीला तो आल्या आल्याच खुपला होता, पण ती गप्प बसली होती. तिला आतून उगाच बरं वाटलं. म्हाताऱ्याचा डोळा परत आला म्हणायचा.

जिना उतरताना तिने विचारलं, "लख्ख दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग बुधवारी चला. रानात."

अप्पा दोन पायऱ्या उतरले. तिसरीवर थांबले. "डोळा नीट करून घेतला तो हे बघायला?"

"हो. हेच बघायला."

अप्पा "हूं" म्हणाले आणि उतरू लागले. "नाही" म्हणाले नाहीत. फूटपट्टीने रस्त्यावर पोचायच्या आत वहिनीला फोन लावला. अप्पा तिच्या भावाकडे राहत, आणि बुधवारी त्यांना बूट घालून खाली उतरवणं हे वहिनीचं काम होतं.

*

फूटपट्टीचं खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं होतं. ती चौदा वर्षांची असताना भावाला ट्रॅक्टरवर बसवायचं ठरलं, आणि भावाला धुराने मळमळायला लागलं. दर फेरीला खाली उतरून तो बांधावर ओकायचा. चौथ्या दिवशी अप्पांनी त्याला घरी पाठवलं आणि पाण्याची बाटली घेऊन आलेल्या मुलीकडे बघितलं.

"चढ."

शिकवणीही तेवढीच आखूड. "लांबचं काहीतरी एक पकड. त्यावरची नजर हलवायची नाही. आणि मागे बघायचं नाही. मागे बघितलंस की हात वळतो, हात वळला की रेघ वाकडी."

तिने नदीपलीकडची पाण्याची टाकी पकडली. टाकीवर डोळे रोवून ती या टोकाची त्या टोकाला गेली, इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि मगच वळली. शेताच्या पोटातून ताणलेल्या दोरीसारखी एक काळी रेघ आली होती. अप्पा त्या रेघेच्या तोंडाशी उकिडवे बसले होते. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. मग गुडघे झाडत उठले.

"दुसरी घाल."

पुढच्या तीस वर्षांत याहून मोठी शाबासकी तिच्या वाट्याला आली नाही. तिला ती पुरलीही. रस्त्याने जाणारे लोक सायकल थांबवून तिची नांगरट बघत. फूटपट्टी हे नाव भावाने जळून पाडलं, आणि गावाने कौतुकाने उचललं. लग्न झालं तेही एका बस चालवणाऱ्याशी. तो म्हणे, "ही बाई ताटंसुद्धा रेघेत मांडते. एखादं इकडेतिकडे झालं तर मला जेवायला बसता येत नाही."

मग सात वर्षांत पाच वेळा नदी शेतात शिरली. नदी मंडळाने काठची सगळी सखल जमीन घ्यायचं ठरवलं. तिथे पुन्हा शेतीच्या आधीचं रान उभं करायचं, म्हणजे पुराचं पाणी तिथेच पसरेल आणि खालच्या वस्त्या वाचतील. शेजाऱ्यांनी दिली. अप्पांनीही दिली. एक्कावन्न वर्षं कसलेल्या जमिनीच्या कागदावर सही केली, पेनाला टोपण लावलं, बाहेर आले आणि म्हणाले, "आता तिथे गवत माजेल."

हे वाक्य अप्पांच्या तोंडून यावं याचा अर्थ घरच्यांनाच कळत होता. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची: शेत साफ ठेवणारी आणि न ठेवणारी. कुणाच्या पिकात तण दिसलं की ते तोंड फिरवून पुढे जात, जणू तो माणूस कपड्यांशिवाय उभा आहे. आणि तीन महिन्यांनी त्यांच्या स्वतःच्या मुलीने त्याच जागी राखणदाराची नोकरी धरली. गवत माजवायची नोकरी!

त्या दिवसापासून "तण राखते" सुरू झालं. अप्पांनी पुन्हा तिथे पाऊल टाकलं नाही. तिनेही कधी रागाने काही सुनावलं नाही. फक्त कुणी "काय करते?" असं विचारलं की ती नजर दुसरीकडे वळवायची, कारण उत्तर काय येणार हे तिला ठाऊक असायचं.

*

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिने जी चूक केली, ती फक्त तिलाच जमण्यासारखी होती. रानाची उभारणी एक झाडांची डॉक्टर बघत होती. तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. वयाने फूटपट्टीपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तिने वाळुंजाची तीनशे रोपं दिली आणि सांगितलं, "ताई, नदीकडच्या बाजूला लावून टाका. कशीही. मनाला येईल तिथे."

फूटपट्टीने मनाला विचारलं. मन म्हणालं, टाकी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई येऊन बघते तर चार-चार पावलांवर एकेक, तेरा रांगा, तीनशे रोपं उभी. सगळी टाकीकडे तोंड करून.

"ताई, हे काय आहे?"

"रोपं."

"ही कवायत आहे! आता फक्त झेंडा लावायचा राहिलाय. अहो, रान कधी रांगेत उगवतं का?"

फूटपट्टीचे कान लाल झाले. दोघींनी मिळून रोपं उपटायला आणि विखरून लावायला सुरुवात केली. बारा रांगा मोडल्या. तेराव्या रांगेला हात घालायचा, तर संध्याकाळी नदी चढली. आठ दिवसांनी पाणी ओसरलं तेव्हा त्या रांगेने मूळ धरलं होतं.

"आता काढली तर मरतील," फूटपट्टी म्हणाली.

"राहू देत मग," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तुमची सही समजू."

वाकडं लावायला मात्र फूटपट्टीला शिकावं लागलं. हात ऐकेना. शेवटी तिने आपली एक युक्ती काढली. खिशात बटाटा ठेवायचा. टाकीकडे तोंड करून उभं राहायचं, बटाटा खांद्यावरून मागे भिरकावायचा, मागे न बघता. पडेल तिथे खड्डा. बारा वर्षांत तिने असं साडेसहा हजार झाडांचं रान लावलं होतं, आणि दर बुधवारी, रोपं लावायच्या दिवशी, तिच्या कोटाच्या उजव्या खिशात अजून एक बटाटा असायचा.

*

बुधवारी सकाळी वहिनी अप्पांना घेऊन फाटकाशी उतरली. अप्पांच्या पायात शेतातले गुडघ्यापर्यंतचे बूट होते, तेल लावून चमकवलेले.

"चौथ्या मजल्यावर, पलंगाखाली, बारा वर्षं," वहिनी फूटपट्टीच्या कानाशी म्हणाली. "तीनदा टाकायला काढले, तीनदा परत पलंगाखाली. मला वाटतं रात्री आपल्या पायांनी चालत येतात."

"ऐकू येतंय मला," अप्पा म्हणाले. "ऑपरेशन डोळ्याचं झालंय."

फाटकाच्या खिडकीवरच्या माणसाने भेट देणाऱ्यांची वही पुढे ओढली. "पहिलीच भेट का आजोबा?"

"एक्कावन्न वर्षं येतोय."

त्याने वहीत बघितलं. रकान्यात 'होय' किंवा 'नाही' एवढीच सोय होती.

"नाही लिहा," फूटपट्टी म्हणाली.

आत दलदलीवरून फळ्यांची पायवाट जात होती. दोन्ही बाजूंना छातीपर्यंत गवत, वरून पिवळं, बुडाशी अजून हिरवं. वाऱ्याने त्याची लाट इकडून तिकडे जायची. फूटपट्टीला वाटलं, आता बोलतील, मग बोलतील. अप्पा काठी टेकवत नाकासमोर चालत होते. मान दोन्हीकडे अजिबात वळत नव्हती. कपड्यांशिवाय उभ्या असलेल्या माणसाजवळून जावं, तसे.

वळणावर डॉक्टरीणबाई भेटली. तिने हात जोडले. "किती दिवसांपासून ताईंना म्हणतेय, वडिलांना आणा."

"काय निघतं यातून?" अप्पांनी विचारलं.

"म्हणजे?"

"पीक. काय निघतं?"

"पक्षी येतात. एकशे बारा जातींचे झाले यंदा."

"विकता?"

"छे! मोजतो."

"मोजून?"

"लिहून ठेवतो."

अप्पा वहिनीकडे वळले. "मोजतात, आणि लिहून ठेवतात."

वहिनीने पदराने ओठ झाकले. फूटपट्टीने समोर टाकीकडे बघितलं. तिला वाटलं, उगाच आणलं. आता घरी जाऊन लिफ्टमध्ये सांगायला यांना आणखी एक वाक्य मिळालं.

फळ्या संपून मातीची वाट लागली आणि अप्पा थांबले. त्यांनी काठी वहिनीच्या हातात दिली. डावी टाच मातीत रोवली, वाकले, गवताच्या बुडाशी हात घातला आणि काहीतरी फिरवून ओढलं. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण हात असा गेला की कुणाला "अहो" म्हणायलाही वेळ मिळाला नाही.

"आजोबा!" डॉक्टरीणबाई ओरडलीच. "इथे काही उपटायचं नाही!"

फूटपट्टी धावली. त्याच पट्ट्यात तिने निळ्या फुलांचं एक बी पेरलं होतं. तीन वर्षं हिंडून मूठभर मिळालेलं. यंदा कुठे पहिल्यांदा उगवलं होतं. अप्पांच्या मुठीतून हिरवी पानं बाहेर आली होती आणि अप्पा जागचे हलत नव्हते.

"दाखवा," ती म्हणाली.

अप्पांनी मूठ उघडली. पानं उलटली. खालून पांढरी.

फूटपट्टी डॉक्टरीणबाईकडे वळली. "बाई, हे बघा. हे आपलं नाही. हे ते आहे."

डॉक्टरीणबाईने चष्मा वर केला. "मूळ अख्खं आलंय!"

गेले दोन महिने दोघी त्या झाडाच्या मागे होत्या. पुराच्या पाण्याबरोबर कुठूनतरी आलेलं, दोऱ्याएवढ्या मुळाचं. खुरप्याने काढलं की मूळ तुटायचं, आणि एकाची सहा व्हायची.

"अख्खंच येणार," अप्पा म्हणाले. "टाच रोवायची, म्हणजे माती सुटते. मग पाव फेरा द्यायचा, बाटलीचं झाकण उघडतात तसा. मग ओढायचं. आमचा बटाटा खाल्लाय याने. जावई."

"काय?"

"जावई म्हणतो आम्ही याला. एकदा आला की हलत नाही, आणि चांगलं चांगलं तेवढं खातो."

वहिनीला हसू आवरेना. डॉक्टरीणबाई खाली बसून वहीत लिहू लागली, "टाच... पाव फेरा..." अप्पा तिच्या लिहिण्याकडे बघत होते. मग हळूच फूटपट्टीला म्हणाले, "तुम्ही काढता हे?"

"रोज."

"तण काढता?"

"सकाळी सात ते अकरा, अप्पा. बारा वर्षं."

"मग हे बाकीचं?" त्यांनी पहिल्यांदाच मान वळवून दोन्हीकडे बघितलं.

"हे पेरलेलं आहे."

"हे गवत? पेरलंस?"

"याचं बी बाजारात मिळत नाही. रेल्वेच्या कडेला जुनं गवत उरलं होतं, तिथून आणलं. एकेक कणीस हाताने खुडून. पहिल्या वर्षी दोन पोती."

"दोन पोती," अप्पा म्हणाले. "हाताने."

दोन पोती म्हणजे काय, हे डॉक्टरीणबाईला वजनाने माहीत होतं. अप्पांना बोटांनी माहीत होतं. त्यांनी गवताचं एक कणीस दोन बोटांत धरलं, चोळलं, तळहातावर फुंकर मारली. कोंडा उडाला. जे उरलं ते नव्या डोळ्याजवळ नेऊन बघितलं. हलकं बी, कापसाच्या तंतूएवढं. मग त्यांनी फूटपट्टीच्या हाताकडे बघितलं. काठी मागून घेतली.

यापुढे चाल बदलली. "हे केव्हा फुलतं? याला पाणी किती चालतं? दाट पेरलंय इथे, हात जड पडला होता का?"

"पहिलं वर्ष होतं, अप्पा."

"दिसतंय."

*

नदीजवळ मोकळी जागा आली आणि समोर वाळुंजाची ती रांग उभी राहिली. तेवीस झाडं, बुंधे मांडीएवढे जाड. बाकीचं रान अस्ताव्यस्त, आणि मधूनच ही रांग. रांगेसमोर एक नवरा-बायको दुर्बीण गळ्यात घालून उभे होते.

"हे बघ," नवरा बायकोला सांगत होता, "हे नैसर्गिक नाही. कुणीतरी लावताना घोळ घातलाय. एवढं छान रान, आणि मध्येच हे!"

"घोळ?" अप्पा म्हणाले.

फूटपट्टीने त्यांची बाही ओढली. "जाऊ द्या अप्पा. खरंच घोळ आहे. मीच घातलाय."

तिला वाटलं होतं, ही जागा टाळून दुसऱ्या वाटेने न्यावं. बोलण्याच्या नादात राहूनच गेलं. अप्पांनी काठी पुन्हा वहिनीकडे दिली. पहिल्या झाडाच्या मागे गेले आणि उकिडवे बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली. वहिनी "अहो, अहो" करत पुढे झाली, तिला त्यांनी हाताने थांबवलं. नवा डोळा उघडा ठेवला, जुना मिटला.

किती वेळ गेला कोण जाणे. ती चौदा वर्षांची असताना जितका गेला होता, तितका नक्की.

"या इकडे," अप्पांनी त्या दुर्बीणवाल्याला बोलावलं.

"मी?"

"घोळ म्हणालात ना? बसा इथे. एक डोळा मिटा. काय दिसतं?"

तो गृहस्थ घाबरत वाकला. "झाड."

"किती?"

"एक." तो थांबला. मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, पुन्हा मध्ये आणली. "बाकीची कुठे गेली?"

"त्याच्याच मागे आहेत. बावीस. दोरी न लावता लावलीत. आणि सरळ पुढे बघा. टाकी दिसते?"

"हो की! बरोबर मधोमध!"

"घोळ असा घालतात," अप्पा म्हणाले.

बायको हसायला लागली. तीही येऊन वाकली. नवऱ्याने उठत विचारलं, "तुम्ही इथे काम करता का?"

"मी नाही. ही करते. माझी मुलगी." अप्पांनी काठी घेतली आणि ती हातभर लांब धरून गवतावरून, पाण्यावरून, नदीपर्यंत फिरवली. "हे सगळं ती राखते."

फूटपट्टीने ऐकलं. ती वाट बघत होती, मधला तो एक शब्द येईल म्हणून. आला नाही. वहिनीने तिचा दंड घट्ट धरला आणि पुटपुटली, "आता लिफ्टमध्ये काय सांगतील, देव जाणे."

"सातवं बाहेर आहे," अप्पा पुन्हा रांगेकडे बघत म्हणाले. "चार बोटं."

"ते माझं नाही. माझं मेलं होतं. ते आपोआप आलंय, वाऱ्याने."

अप्पांनी सातव्या झाडाकडे निरखून बघितलं. "वाऱ्याच्या मानाने बरं लावलंय." मग बुटाने मोकळ्या मातीवर एक खूण केली आणि फूटपट्टीकडे न बघता म्हणाले, "इथे जागा आहे. दुसरी घाल."

फूटपट्टीने त्या खुणेकडे बघितलं. हो म्हणावं असं वाटलं. तेवढ्यात मागून घाईघाईचा आवाज आला.

"ताई, नाही हं! एक सही पुरे!" डॉक्टरीणबाई वही हलवत येत होती.

फूटपट्टी हसली आणि तिने डोळे पुसले. मग कोटाच्या उजव्या खिशात हात घातला आणि बटाटा अप्पांच्या हातावर ठेवला.

"हे काय? भूक नाही मला."

"आता अशी लावतो आम्ही. टाकीकडे तोंड करा. आणि हा खांद्यावरून मागे टाका. पडेल तिथे झाड."

"कुठेही?"

"कुठेही. पण मागे बघायचं नाही."

अप्पांनी बटाटा हातात तोलला, उलटा-सुलटा केला. "बारीक आहे," म्हणाले. बूट जुळवून उभे राहिले, टाकीवर नजर लावली, आणि बटाटा मागे भिरकावला. दुर्बीणवाल्याने डोकं वाचवलं. गवतात धप्प आवाज झाला. दोन पाखरं उडाली. डॉक्टरीणबाईने सवयीने मोजली.

अप्पा ताठ उभे होते. मान इवलीशीही हलली नव्हती.

"काय झालं?" त्यांनी तसंच विचारलं.

फूटपट्टी त्या दिवशीच्या लावणीसाठी रांगेशी ठेवलेलं रोप आणि कुदळ घेऊन गवतात शिरली. बटाटा एका उंचवट्याच्या कडेला, कशाच्याही सरळ रेघेत न येता पडला होता.

"वाकडा पडला, अप्पा!"

"मग वाकडं लाव," अप्पा टाकीकडे बघत म्हणाले. "पण खड्डा खोल घे."